दारं धरणारी नळी

हिवरे बाजारसारख्या, विहिरीच्या पाण्यावर रब्बी पिकवणाऱ्या नगरकडच्या गावांत 'तो दारं धरायला गेलाय' असे म्हटले की ऐकणाऱ्याला काही विचारावे लागत नाही. इथे चौकट नाही, फळी नाही, कडी नाही. पाटातून वाफ्यात पाणी शिरते ती जागा म्हणजे दार. फावडेभर चिखल ओढला की ते लागते आणि तेवढाच चिखल बाजूला केला की उघडते. याच मुलखात जुन्या रेडिओच्या काचेच्या दिव्यासारख्या नळीला मेकॅनिक 'व्हॉल्व्ह' म्हणत आला, आणि तो शब्द लॅटिनमधल्या 'वाल्वा'पासून आला आहे. 'वाल्वा' म्हणजे दाराची फळी. शेतकऱ्याचे दार आणि रेडिओचा व्हॉल्व्ह अर्थाने एकाच घरचे निघाले. हा निव्वळ योगायोग मानून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही, असे माझे म्हणणे आहे. ही नळी काय करते हे तिला नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाच्या शब्दापेक्षा आपल्या 'दारं धरण्या'तून अधिक नेमके कळते. ज्याला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा संच स्वतः जोडायचा आहे, त्याने सुरुवात याच वाक्प्रचारापासून करावी.

दाराचा हा शब्द आधी शरीरात शिरला आणि मग यंत्रात. पादुआच्या फाब्रिशियसने १६०३ मध्ये शिरांमधल्या पडद्यांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या शीर्षकात त्या पडद्यांना 'ओस्टिओला', म्हणजे छोटी दारे, म्हटले होते. पादुआत त्याच्या हाताखाली शिकलेल्या विल्यम हार्वीने १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केले, तेव्हा ही दारे रक्ताला एकाच दिशेने जाऊ देतात हा त्याचा मोठा आधार होता. म्हणजे दाराला 'एकदिशा' हा गुण चिकटला तो शरीरशास्त्रात. मूळच्या 'वाल्वा'त तो नव्हता, कारण घराच्या दारातून माणूस आतही येतो आणि बाहेरही जातो. भारतीय भाषांत ही संज्ञा आणताना हिंदीने हृदयासाठी 'कपाट' घेतले. तो दारासाठीचा संस्कृत शब्द आहे, त्याचेच आपल्याकडे 'कवाड' झाले आणि मराठीत 'कपाट' मात्र लाकडी फडताळाकडे गेले. मराठी पाठ्यपुस्तकांनी 'झडप' निवडली. खिडकीची झडप, दाराची झडप, हृदयाची झडप. तीन भाषा तीन वाटांनी निघाल्या आणि तिन्ही दाराच्या फळीपाशी येऊन थांबल्या.

या 'झडप'चे मूळ मात्र वादाचे आहे. घार झडप घालते ती झडप आणि खिडकीला असते ती झडप हे दोन वेगळे शब्द की एकच? दोन वेगळे म्हणणाऱ्यांच्या बाजूने 'झाप' आणि 'झापड' उभे आहेत. कोकणात माडाच्या पात्यांचा विणलेला झाप आडोसा करतो, बैलाच्या किंवा घोड्याच्या डोळ्यांवर झापड असते, झोपेने पापण्यांवर झापड येते. झाकणे हा अर्थ तिथे तयारच आहे, तेव्हा खिडकीची झडप त्याच कुळातली असावी, असे हे म्हणणे. ते आकर्षक आहे, पण त्यातला 'ड' अडचणीचा आहे. 'झापड'मध्ये 'ड' शेवटी येतो, 'झडप'मध्ये मध्ये. अक्षरांची अदलाबदल भाषेत होते हे खरे, पण ती गृहीत धरण्याआधी सोपी वाट पाहावी. सोपी वाट 'झड', 'झडणे', 'झटकन' या कुळातून जाते. झटक्याने येणे, झटक्याने पडणे. वाऱ्याने खिडकीची फळी आपटते तेव्हा ती घारीसारखीच झडप घालते. हिंदीत 'झड़प' चकमकीच्या अर्थानेच रुळलेली आहे, खिडकीची झडप तिथे दिसत नाही. त्यावरूनही मला वाटते की हल्ल्याचा अर्थ आधीचा आणि फळीचा अर्थ मराठीने त्यातून घडवलेला. तसे असेल तर मराठी शब्दात एक जादा गोष्ट आहे. लॅटिन शब्द फळी दाखवतो, मराठी शब्द फळीची हालचाल दाखवतो.

आता काचेच्या नळीकडे. तापलेल्या तारेतून निर्वातात प्रवाह ओलांडतो हे एडिसनने १८८० च्या दशकात पाहिले होते. त्याचा उपयोग जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंगने १९०४ मध्ये केला. मार्कोनीच्या कंपनीचा हा सल्लागार बिनतारी लहरी ओळखण्याचे साधन शोधत होता. त्याच्या नळीत दोनच भाग होते, तापलेला तंतू आणि त्याभोवतीचा धातूचा पत्रा. प्रवाह एकाच दिशेने जाई. १९०५ च्या निबंधात फ्लेमिंगने तिला 'निर्वात व्हॉल्व्ह' म्हटले. हार्वीच्या झडपेसारखीच ही एकदिशेची झडप. आपल्या शेतात तिचे जुळे भावंड आहे. काठावरच्या मोटारीच्या सक्शन पाइपाच्या तळाशी बसवलेला फूट व्हॉल्व्ह, ज्याला कित्येक शेतकरी सरळ 'फुटबॉल' म्हणतात. तो पाणी वर येऊ देतो, परत विहिरीत उतरू देत नाही. फ्लेमिंगची नळी म्हणजे विजेचा फुटबॉल. इथपर्यंत नाव चपखल आहे.

पेच पुढे पडतो. अमेरिकेत ली डी फॉरेस्टने तंतू आणि पत्रा यांच्यामध्ये तारेची जाळी घातली, आणि १९०८ मध्ये त्याला तिचे पेटंट मिळाले. आता नळी प्रवाहाला नुसती दिशा देईना, त्याचे प्रमाणही ठरवू लागली. डी फॉरेस्टने आपल्या 'ऑडिऑन'चे फ्लेमिंगशी नाते सतत नाकारले. १९१६ मध्ये अमेरिकी न्यायालयाने ऑडिऑन फ्लेमिंगच्या पेटंटचा भंग करतो असा निकाल दिला. पुढे १९४३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फ्लेमिंगचे पेटंटच अवैध ठरवले. अमेरिकेत 'ट्यूब' रुळली, ब्रिटनमध्ये 'व्हॉल्व्ह'. मराठीने दोन्ही ठेवले. पुस्तकात 'निर्वात नळी', दुकानात 'व्हॉल्व्ह'. पुस्तकी नाव अमेरिकी वळणाचे आणि बाजारी नाव ब्रिटिश. याचे कारण मला साधे दिसते. आपल्याकडे बिनतारी विद्येचा व्यापार ब्रिटिश वाटेने आला आणि दुरुस्ती करणारा माणूस डब्यावर छापलेले नाव उचलतो. माझे मत दुकानाच्या बाजूने आहे. 'नळी' हे नाव बाहेरच्या काचेचे आहे, आत काय घडते ते त्यात येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की जाळी आल्यावर एकदिशेचा गुण गौण झाला, मग व्हॉल्व्ह हे नाव खोटे पडले. इथेच शेतातले दार मदतीला येते. फुटबॉलला पाणी स्वतःच ढकलते, दाराला मात्र वेगळा हात लागतो. जाळीवर तंतूच्या मानाने ऋण दाब ठेवला की इलेक्ट्रॉन मागे रेटले जातात, तो दाब कमीजास्त केला की वाट मोकळी किंवा अरुंद होते. जाळी स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, जसा फावडे धरणारा पाटातले पाणी पिऊन टाकत नाही. थोड्या श्रमाने मोठा ओघ वळतो. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे एवढेच. गाण्याची बारीक लहर फुगून मोठी होत नाही, वीजपुरवठ्याचा मोठा ओघ तिच्या आकाराने दारे उघडतो आणि लावतो. दुसरा आक्षेप असा की दार एकतर उघडे असते किंवा बंद, जाळी मात्र सलग काम करते. हा आक्षेप लाकडी दाराला लागू आहे. चिखलाचे दार चार बोटे, वीतभर, हवे तितके उघडता येते. 'वाल्वा'ला झडप म्हणणाऱ्याने एकदिशा पकडली, पण दारे धरणाऱ्याने नियंत्रण पकडले, आणि जाळीच्या नळीचा प्राण नियंत्रणात आहे.

दोन्ही अर्थ एकाच पत्र्यावर शेजारी बसलेले पाहायचे असतील तर मुलार्ड या ब्रिटिश व्हॉल्व्ह कंपनीचा १९५४ चा '५-१०' हा अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा घ्यावा. पाच व्हॉल्व्ह, दहा वॉट, म्हणून हे नाव. त्यातला ईझेड८१ उलटसुलट विजेची एकदिशा वीज करतो, म्हणजे तो फुटबॉल. शेवटचे दोन ईएल८४ स्पीकरचा ओघ सांभाळतात, म्हणजे ती दारे. जोडणी करणाऱ्याचे खरे काम डाग देऊन संपत नाही. गाणे सुरू होण्याआधी ही दारे किती उघडी ठेवायची हे ठरवावे लागते, आणि त्यालाच बायस म्हणतात. ईएल८४ ला अ‍ॅनोडवर, म्हणजे पत्र्यावर, २५० व्होल्ट आणि जाळीवर उणे ७.३ व्होल्ट दिले की सुमारे ४८ मिलिअँपिअर वाहतात. गुणाकार करा, १२ वॉट येतात, आणि अ‍ॅनोडला सोसणारी मर्यादाही तेवढीच आहे. दार याहून सैल ठेवले तर अ‍ॅनोड लाल होतो आणि व्हॉल्व्ह लवकर मरतो. फार आवळले तर लहर शून्यापाशी तुटते आणि हळू आवाज खरखरीत येतो. मोजायचे कसे? कॅथोडच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या तापलेल्या भागाच्या, रेझिस्टरवरचे व्होल्ट त्याच्या ओहमने भागायचे. १३५ ओहमवर ७.३ व्होल्ट दिसले तर सुमारे ५४ मिलिअँपिअर. त्यातून स्क्रीनचे, म्हणजे दुसऱ्या जाळीचे, साडेपाच वजा केले की अ‍ॅनोडचा वाटा उरतो. हे करताना एक हात मागे ठेवावा, कारण वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब उरतो. तो आधी रेझिस्टरमधून उतरवावा आणि मीटरने खात्री करावी.

कॅथोडमधल्या त्या रेझिस्टरपाशी शेताची तुलना एक पाऊल पुढे जाते. प्रवाह वाढला की त्याच्यावरचे व्होल्ट वाढतात, कॅथोड वर जातो, जाळी त्या मानाने अधिक ऋण होते आणि दार आपोआप अरुंद होते. ओघ स्वतःच स्वतःला मोजतो आणि मोजणीच दाराला हात लावते. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर हिवरे बाजारने पाण्याबाबत हीच रचना उभी केली. पाऊस आणि विहिरींची पातळी मोजायची, त्यावर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आणि ताळेबंद सांगेल तशी पिके घ्यायची. सिंचनासाठी बोअर नाही, उसासारखे तहानलेले पीक नाही. कोणी म्हणेल, नळीला मन नसते आणि ग्रामसभेला असते. मान्य आहे. पण दोन्हीकडे मोजणी दाराला जोडलेली आहे, आणि तशी जोडली की उपसा वाढू लागताच दार अरुंद होते. म्हणून संच जोडणाऱ्याने मीटर लावताना मनात पाट आणावा. समोरच्या काचेत तो दारंच धरत असतो.