टीम रेस विमानप्रतिकृती : इंधन व इंजिनातील बिघाड

पायलटाच्या हातातील दोन तारांनी बांधून वर्तुळात उडवल्या जाणाऱ्या, म्हणजे कंट्रोल लाइन प्रकारच्या, विमानप्रतिकृतींची शर्यत. आंतरराष्ट्रीय वैमानिक महासंघाच्या (एफएआय) वर्गीकरणात ती ‘एफ२सी’ या नावाने ओळखली जाते. एकाच वर्तुळात तीन संघांची विमाने एकाच वेळी उडतात. प्रत्येक संघात एक पायलट व एक मेकॅनिक असतो. तारांची लांबी १५.९२ मी. असल्याने १० फेऱ्यांचे १ किमी. होते. प्राथमिक शर्यत १०० फेऱ्यांची, तर अंतिम शर्यत २०० फेऱ्यांची असते. इंजिनाचे आकारमान जास्तीत जास्त २.५ घ. सेंमी. आणि इंधनटाकीची धारणक्षमता ७ घ. सेंमी. एवढीच ठेवावी लागते. टाकी एवढी लहान असल्याने विमान मध्येच उतरवून इंधन भरणे भाग पडते. शर्यतीचा निकाल वेगाइतकाच या थांब्यांवरही ठरतो.

या इंजिनांना डीझेल म्हणतात, पण त्यांत पंपावरचे डीझेल चालत नाही. इंधनात ईथर, केरोसीन व वंगणतेल असते आणि ज्वलन सुलभ व्हावे म्हणून ॲमिल किंवा आयसोप्रोपिल नायट्रेट अल्प प्रमाणात मिसळतात. मिथेनॉलवर चालणाऱ्या ग्लोप्लग इंजिनापेक्षा डीझेलला येथे पसंती मिळते ती काटकसरीमुळे. मिथेनॉलच्या पूर्ण ज्वलनास त्याच्या वजनाच्या साडेसहापट हवाही लागत नाही, तर केरोसीनला सुमारे पंधरापट लागते. त्यामुळे तेवढीच हवा ओढणारे इंजिन मिथेनॉल कितीतरी अधिक जाळते.

बिघाड कोठे शोधावा : इंजिन अडखळले की हात प्रथम सिलिंडरातील दाब कमीजास्त करणाऱ्या कॉम्प्रेशन स्क्रूकडे जातो. बहुतेक वेळा ही दिशा चुकीची असते. शर्यतीतील इंजिनाचे बिघाड दिसतात सिलिंडरात, पण त्यांचे मूळ बहुधा टाकी, नळी, व्हेंट (टाकीत हवा घेणारी नळी) आणि इंधनाचे प्रमाण ठरवणारी सुई या वाटेवर असते. कारण साध्या गणिताने पटते. विमानाचा वेग ताशी २०० किमी. धरला, तर १०० मी.ची एक फेरी १.८ सेकंदांत पूर्ण होते आणि या त्रिज्येवर बाहेरच्या दिशेने सुमारे २० जी, म्हणजे गुरुत्वाच्या वीसपट, बल पडते. टाकीतील इंधन तळाशी न राहता बाहेरच्या भिंतीला चिकटते. २ सेंमी. रुंदीच्या भरलेल्या टाकीत बाहेरच्या भिंतीवरचा दाब स्थिर अवस्थेतील ४० सेंमी. उंच इंधनस्तंभाएवढा होतो. टाकी रिकामी होत जाते तसा तो शून्याकडे येतो. साधा व्हेंट असलेल्या टाकीवर इंजिन सुरुवातीला रिच (मिश्रणात इंधन जास्त) आणि शेवटी लीन (इंधन कमी) चालणारच. सुईची कोणतीही एक जागा दोन्ही टोकांना योग्य ठरू शकत नाही.

युनिफ्लो टाकी हा यावरचा सर्वमान्य उपाय होय. तिच्यात व्हेंटची नळी टाकीच्या आत, इंधन ओढणाऱ्या नळीच्या तोंडाजवळ, बाहेरच्या भिंतीलगत उघडते. तेथील दाब इंधनाची पातळी घटली तरी जवळजवळ स्थिर राहतो आणि सुईला पहिल्या फेरीत मिळतो तोच दाब तिसाव्या फेरीतही मिळतो. मात्र ही सोय टाकी हवाबंद असेल तेवढीच टिकते. डाकाच्या सांध्यात टाचणीच्या टोकाएवढे छिद्र पडले, तरी हवा तेथून शिरते आणि युनिफ्लोची साधी टाकी होते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून टाकी काढून, एक नळी सोडून बाकीच्या बंद करून, केरोसीनमध्ये बुडवून हलकी फुंकर मारावी. बुडबुडा येईल तेथे गळती. टाकीची जागाही तितकीच नाजूक असते. ती स्प्रेबारच्या (इंजिनात इंधन सोडणाऱ्या नळीच्या) तुलनेत १ मिमी. बाहेर सरकली, तर २० जीखाली सुमारे २० मिमी. स्तंभाचा फरक पडतो. अपघातानंतर नवी टाकी बसवली आणि ‘इंजिन बिघडले’ अशी तक्रार आली, तर आधी हे मोजणे शहाणपणाचे.

फेऱ्यांचा हिशेब : निदानाचे सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे एका टाकीत निघालेल्या फेऱ्या आणि फेरीचा वेळ, ही दोन्ही एकत्र वाचावीत. १०० फेऱ्या दोन थांब्यांत संपवायच्या तर तीन टाक्यांची सरासरी ३३ फेऱ्यांहून थोडी अधिक हवी, म्हणजे एका फेरीला सुमारे ०.२ घ. सेंमी. इंधन. टाकी ३३ फेऱ्यांवर आटली तर ९९ फेऱ्या होतात आणि उरलेल्या एका फेरीसाठी तिसरा थांबा घ्यावा लागतो. आता फेऱ्या कमी पडल्या आणि फेरीही मंद झाली, तर मिश्रण रिच आहे. फेऱ्या कमी, पण वेग जसाच्या तसा असेल, तर सुईला हात लावू नये; टाकी पूर्ण भरत नाही, कोपऱ्यात हवा अडकते, किंवा भरण्याची झडप गळते. फेऱ्या भरपूर निघतात, पण उत्तरार्धात वेग ढासळतो, तेव्हा मिश्रण लीन होऊन इंजिन तापत आहे. पहिल्या टाकीत सर्व ठीक आणि थांब्यानंतरच अडखळणे सुरू झाले, तर संशय मेकॅनिकच्या दंडावर किंवा मनगटावर बांधलेल्या, इंधन भरण्याच्या दाबाच्या बाटलीकडे वळवावा : तिच्यातील कचरा, तिच्यातील बुडबुडे. केवळ फेऱ्या मोजणारा संघ यांतील दोन निरनिराळे दोष एकच समजतो.

आधी इंधनमार्ग पाहावा यावर आक्षेप असा की डीझेलमध्ये कॉम्प्रेशन बदलता येते आणि त्याची लक्षणे इंधनाच्या लक्षणांसारखीच असतात. हे खरे आहे. कॉम्प्रेशन जास्त झाले की इंजिन दबते, हादरते, तापते आणि बाहेर येणारे तेल काळपट होते. लीन मिश्रणानेही ते दबते व तापते. कॉम्प्रेशन कमी असेल तर ठोके चुकतात; रिच मिश्रणातही चुकतात. पण या साम्यामुळेच आधी इंधनमार्ग तपासणे आवश्यक ठरते. कॉम्प्रेशन स्क्रू स्वतःहून टाकीच्या पातळीबरोबर बदलत नाही, दाब बदलतो. दोष टाकीच्या पातळीशी बांधलेला असेल तर स्क्रू फिरवून तो फक्त झाकला जातो. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. गरम इंजिनात काँट्रापिस्टन (स्क्रूने खाली दाबला जाणारा, सिलिंडराच्या माथ्याकडचा दट्ट्या) घट्ट अडकला, तर स्क्रू मागे घेऊनही तो वर सरकत नाही आणि मेकॅनिकला वाटते की आपण कॉम्प्रेशन उतरवले. अशा वेळी दोष खरोखर इंजिनाचाच असतो.

दुसरा आक्षेप झिजेचा. पिस्टन व लायनरची (सिलिंडराच्या अस्तराची) पकड ढिली झाली, तर थंड इंजिन सहज सुरू होते, पण थांब्यानंतर गरम असताना दाद देत नाही. हेच लक्षण जास्त प्राइम केल्यानेही (सुरू करण्याआधी जादा इंधन सोडल्यानेही) दिसते, म्हणून गरम इंजिनाचा पंखा हाताने सावकाश फिरवून पाहावा. वरच्या टोकाला प्रतिकार जाणवला तर पकड शाबूत आहे व सिलिंडरात इंधन अतिरिक्त झाले आहे. असे भरलेले सिलिंडर जोराने फिरवल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो. पितळी लायनरला क्रोमचा थर आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन अशा ‘एबीसी’ रचनेत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : लायनर वरच्या टोकाला मुद्दाम निमुळता असतो आणि तापल्यावरच फैलावतो. ‘रिच ठेवलेले बरे’ हा सल्ला अशा इंजिनाला लांबवर लावला, तर ते थंड राहून पकडीच्या जागीच झिजते.

वंगण : एरंडेल की कृत्रिम तेल, याबद्दल एकमत नाही. एरंडेल अति तापमानात अधिक काळ टिकते, पण लाखेसारखा थर सोडते.

इंधनाची साठवण : जुन्या इंधनाचा दोष सर्वांत उशिरा सुचतो. ईथरचा उत्कलनबिंदू ३४.६° से. आहे, विदर्भात मे महिन्यात सावलीतले तापमानही याहून बरेच वर जाते. डबा वारंवार उघडला की ईथर उडते, इंजिन सुरू होणे कठीण होते आणि संघ कॉम्प्रेशन वाढवत राहतो. एरंडेल केरोसीनमध्ये नीट विरघळत नाही, ईथर त्यांना एकत्र धरते. ते घटले की तेल वेगळे होऊन तळाशी जाते. डब्याच्या तळाशी घट्ट थर दिसला तर ते इंधन शर्यतीला वापरू नये. ईथरची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरणारी व अत्यंत ज्वालाग्राही असते. हवा व प्रकाशात दीर्घकाळ राहिल्यास ईथरमध्ये स्फोटक पेरॉक्साइडेही तयार होतात. डबा गडद, घट्ट बुचाचा, थंड जागी व शक्यतो काठोकाठ भरलेला ठेवतात.