तळटीप : चामरकल्प

चामरकल्प म्हणजे कोथिंबीर, गाजर, बडीशेप यांच्या कुळाचा छत्रीसारखा फुलोरा. खोडाचा शेंडा वाढायचा थांबून पसरट होतो. त्यावर दांड्यांचे उंचवटे आधी कडेला, शेवटी मध्यावर उमटतात. दांडीच्या टोकाला पुन्हा तोच क्रम.

वडगाव मावळात वाफ्यात राहून गेलेली जून कोथिंबीर पाहावी. कडेच्या फुलाची बाहेरची पाकळी ऐटीत मोठी, आतली आखूड. पुंकेसर आधी पिकतात, कुक्षी मागाहून. मधली फुलं पुष्कळदा निव्वळ नर. तिथे धना धरत नाही.

लोणावळ्याच्या डोंगरांवर पावसाळ्यात फुलणारी पांढरी पिंडा कोंकनेन्सिस याच कुळातली. १९८६ साली तिला हेराक्लियममधून काढून स्वतंत्र प्रजाती दिली गेली.