मोटारीच्या कुळातला दिवा

घरच्या कार्यशाळेसाठी दिवे निवडताना बहुतेक गृहस्थ छताकडे पाहतात आणि मध्यभागी एक लांब ट्यूबलाइट बसवून मोकळे होतात. परंतु वरून व मागून येणारा हा उजेड कारागिराच्याच मस्तकाची छाया त्याच्या कामावर पाडतो, आणि शेगड्यात धरलेल्या तुकड्यावरची आखणीची रेघ, जिच्यावर सारे काम अवलंबून, नेमकी तीच अंधारात राहते. यावरचा खरा उपाय म्हणजे हवा तेथे ओढावा आणि सोडला तेथे राहावा असा सांधेदार बाहूचा दिवा. बल्ब कामापासून निम्म्या अंतरावर आणला की उजेड सुमारे चौपट होतो, हा प्रकाशशास्त्राचा जुना नियम त्याच्या पाठीशी आहे. त्याची कुळकथा मात्र प्रकाशशास्त्राच्या दप्तरात नाही. ती मोटारीच्या चाकांपाशी सुरू होते, आणि तिची एक शाखा थेट पुणे हॉर्स या रिसाल्यापर्यंत जाऊन पोहोचते.

ठळक टप्पे एका दमात सांगता येतील. इंग्लंडातील बाथ या गावच्या जॉर्ज कारवर्डाइन या अभियंत्याने 1932 साली पेटंटासाठी अर्ज केला; रेडिच येथील हर्बर्ट टेरी अँड सन्स या स्प्रिंगांच्या कारखान्याने दिवा बनविण्याचा मक्ता घेतला; चार स्प्रिंगांचा पहिला नमुना कारखान्यांत रुळला, 1935 साली तीन स्प्रिंगांचा 1227 क्रमांकाचा घरगुती नमुना निघाला, आणि 1937 साली नॉर्वेच्या याक याकोबसेनने हक्क मिळवून ‘लुक्सो’ काढला. इंग्रजी दिव्याचे नाव अँगलपॉइज.

वादाचा मुद्दा पुढेच आहे. हा दिवा मानवी बाहूवरून सुचला, असे सर्वत्र सांगितले जाते: खांदा, कोपर, मनगट, आणि स्नायूंच्या जागी स्प्रिंगा. ही उपपत्ती मोहक आहे, पण ती मला मान्य नाही. आपल्या बाहूत स्नायू प्रतिस्पर्धी जोड्यांनी नांदतात, एक वाकवतो तर दुसरा सरळ करतो. दिव्याच्या साऱ्या स्प्रिंगा मात्र एकाच पक्षाच्या असून त्यांचा प्रतिपक्ष केवळ गुरुत्वाकर्षण हाच आहे. शिवाय स्नायूंचा ताण मज्जातंतूंच्या हुकमाने बदलतो, आणि नुसते वजन धरून ठेवण्यातही हात थकतो. दिव्याला हुकूमही लागत नाही आणि श्रमही होत नाहीत; त्याचे सारे सामर्थ्य स्प्रिंग कोठे अडकविली आहे या भूमितीत साठविलेले असते. साम्य आहे ते रूपाचे, कुळाचे नव्हे.

ती भूमिती थोडी उलगडून पाहण्यासारखी आहे. बाहू आडवा केला की दिव्याचे वजन त्याला सर्वाधिक जोराने खाली ओढते. उभा केला की ही ओढ शून्यावर येते. म्हणजे नुसती बळकट स्प्रिंग उपयोगाची नाही; कोन बदलेल तसतसा तिचा प्रभाव त्याच प्रमाणात वाढला व घटला पाहिजे. स्प्रिंगचे एक टोक बिजागरीच्या सरळ वर आणि दुसरे बाहूवर अडकविले, आणि तिची ओढ तिच्या संपूर्ण लांबीच्या प्रमाणात राहील अशी व्यवस्था केली, तर ही किमया साधते: वजन आणि स्प्रिंग यांचा हिशेब प्रत्येक कोनात बरोबर जुळतो. त्यासाठी वेटोळी एकमेकांवर दाबून बसतील अशा ताणानेच तार गुंडाळावी लागते. ताणलेल्या स्प्रिंगला बिजागरीजवळ कामाला लावून दूरच्या ओझ्याला सावरायचे, हे हस्तलाघव चित्रशाळेतल्या शरीररचनेच्या अभ्यासातून येत नाही. ते चाकाच्या आसाखाली हात काळे केलेल्या माणसालाच सुचते.

आणि कारवर्डाइन तसाच माणूस होता. बाथमधील हॉर्स्टमन या मोटारींच्या छोट्या कारखान्यात त्याने काम केले होते, आणि गाडीचे धक्के झेलणाऱ्या स्प्रिंगा हा त्याचा खास विषय होता. कारखान्याचा धनी सिडनी हॉर्स्टमन यालाही याच विषयाचा ध्यास होता. मोटारींचा धंदा बुडाला, परंतु त्याच्या नावाची निलंबन-पद्धती पुढे ब्रिटिश रणगाड्यांनी उचलली. तिच्यात चाके जोडीजोडीने बाहूंवर बसविलेली असतात आणि त्या बाहूंमध्ये आडवी स्प्रिंग धक्के पचविते. सेंच्युरियन रणगाड्याची चाके अशाच रीतीने पेलली होती. आणि 1817 च्या पुणे कराराने बाजीराव पेशव्यांच्या काळात उभ्या राहिलेल्या फौजेचा वारसा सांगणारा पुणे हॉर्स, सप्टेंबर 1965 मध्ये सियालकोटच्या रणांगणात याच सेंच्युरियनांवर स्वार होऊन लढला. त्या लढाईत धारातीर्थी पडलेले त्याचे सेनानी अर्देशिर तारापोर हे परमवीरचक्राचे मानकरी. रणगाड्यांचे निलंबन हा दिव्याचा पूर्वज आहे, असे मी म्हणत नाही. परंतु दोघेही एकाच घराण्यातले चुलतभाऊ आहेत आणि ते घर बाथमध्ये होते, हे मी ठामपणे म्हणतो.

प्रतिपक्षाचा एक दावा उरतो. त्याच 1932 साली अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात लुसियन लाकोस्ट या विद्यार्थ्याने, आर्नल्ड रोम्बर्ग या गुरूने सोपविलेला भूकंपमापकाचा प्रश्न सोडविताना, अशीच, म्हणजे जिची ओढ संपूर्ण लांबीच्या प्रमाणात असते अशी ‘शून्य लांबी’ची स्प्रिंग शोधून काढली. जमिनीचे वरखाली हलणे टिपण्यासाठी त्याला कोणत्याही कोनात तोललेले वजन हवे होते. पुढे त्याच तत्त्वावर गुरुत्वमापक यंत्रे झाली आणि तेलाचा शोध घेणाऱ्यांनी ती भूमीवर फिरविली. मग उसनवारी कोणी कोणाकडून केली? माझ्या मते कोणीच नाही. एकाने मोटारीतून आणि दुसऱ्याने भूकंपातून येऊन एकाच दारावर थाप दिली. लाकोस्टपाशी सिद्धांताची शुद्धता होती, कारवर्डाइनपाशी कारखान्यात शिकलेले हात होते.

म्हणून कार्यशाळेसाठी असा दिवा घेताना दुकानातच त्याचा बाहू आडवा, तिरका आणि उभा करून पाहावा. एका कोनात तो खाली झुकत असेल आणि दुसऱ्यात वर उसळत असेल, तर त्याची भूमिती फसलेली आहे, आणि सांध्याचे पेच आवळून त्याला धरून ठेवणे म्हणजे केवळ घर्षणावर भिस्त ठेवणे होय. जुन्या दिव्यात वजनदार एलईडी बल्ब लावल्यावर बाहू झुकू लागला, तरीही पेच आवळू नयेत. स्प्रिंगचे वरचे टोक सरकविण्याची सोय असेल, तर ते बिजागरीपासून थोडे अधिक दूर अडकवावे.