जेव्हा कॉन्स्टेबल निवडून येत असे

दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत एका महिन्यात तीन घरफोड्या झाल्या. सर्वसाधारण सभा बोलावली गेली, भरपूर भाषणे झाली आणि शेवटी असे ठरले की प्रत्येक घरातल्या एकाने आठवड्यातून एक रात्र गस्त घालायची. पहिला आठवडा सहलीसारखा गेला. थर्मासमधून चहा आला, एरवी लिफ्टमध्येही न बोलणारे लोक पहाटे दोनला एकमेकांच्या गावांची चौकशी करू लागले. तिसऱ्या आठवड्यात कोणाची पाठ दुखू लागली, कोणाच्या मुलाची परीक्षा आली. चौथ्या आठवड्यात एकाने चिटणीसांना सांगितले, ‘‘माझ्या रात्रीचे पैसे घ्या आणि कोणी माणूस ठेवा.’’ सहाव्या आठवड्यात एजन्सीचा वॉचमन आला आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यात मीही होतो.

नगरपालिकांचा इतिहास हा माझा जुना नाद आहे. मुंबईच्या नगरकारभाराशी ताडून पाहण्यासाठी त्या काळात मी न्यूयॉर्कच्या नगरसभेची, म्हणजे तिथल्या कॉमन कौन्सिलची जुनी इतिवृत्ते वाचत होतो. १६७५ पासूनची ही इतिवृत्ते छापील खंडांत उपलब्ध आहेत. त्यांत विहिरी आहेत, धक्के आहेत, मोकाट डुकरे आहेत, पावाचे वजन आहे. आणि वर्षानुवर्षे परत परत येणारा एक माणूस आहे : वॉर्डाचा कॉन्स्टेबल. या माणसाला लोक मत देऊन निवडत असत. आपल्या कानांना हे विचित्र वाटते, कारण आपल्याकडे कॉन्स्टेबल भरती होतो, त्याची बदली होते, त्याला बढती मिळते. तो निवडून येतो हे आपण कधी ऐकलेले नाही. न्यूयॉर्कमध्ये तो दीडशेहून अधिक वर्षे निवडून येत होता. मग ते का थांबले, हा या लेखाचा विषय आहे.

सनदेतला माणूस

न्यूयॉर्क हे आधी डचांचे न्यू ॲम्स्टरडॅम. १६६४ मध्ये ते इंग्रजांकडे आले आणि त्यांच्याबरोबर इंग्लंडमधल्या पॅरिशचा कॉन्स्टेबलही आला. इंग्लंडमध्ये ही जबाबदारी गावातल्या घरमालकांवर पाळीने किंवा निवडीने येई. एक वर्ष काम करायचे, शांतता राखायची, वॉरंट बजावायचे आणि पुन्हा आपल्या दुकानावर बसायचे. १६८६ मध्ये गव्हर्नर टॉमस डोंगन यांनी शहराला सनद दिली. तिच्यात साउथ, डॉक, ईस्ट, वेस्ट, नॉर्थ आणि आउट असे सहा वॉर्ड पाडले होते. दरवर्षी २९ सप्टेंबरला, सेंट मायकेलच्या सणाच्या दिवशी, प्रत्येक वॉर्डातल्या मतदारांनी आपला आल्डरमन, त्याचा सहायक आणि कॉन्स्टेबल निवडायचा, असे तिच्यात लिहिले होते. १७३१ च्या माँटगोमरी सनदेने वॉर्ड सात केले आणि हीच पद्धत पुढे चालू ठेवली.

इथे एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या काळी न्यूयॉर्कचा मेयर निवडून येत नसे. त्याला गव्हर्नर नेमत असे. स्वातंत्र्यानंतरही बराच काळ ती नेमणूक राज्यपातळीवरच्या एका मंडळाकडे होती. म्हणजे शहराचा प्रथम नागरिक वरून येई आणि रस्त्यावरचा शिपाई खालून, शेजारपाजारच्या मतांतून येई. आजच्या आपल्या व्यवस्थेचे हे नेमके उलटे चित्र आहे.

‘निवडून येणे’ म्हणजे हार-तुरे असे मात्र समजू नये. हे पद बहुतेकांना नकोसे असे. दिवसभर सुतारकाम किंवा बेकरी सांभाळायची, रात्री पहाऱ्यावरच्या नागरिकांना गोळा करायचे, दारूच्या गुत्त्यातली भांडणे सोडवायची, शेजाऱ्यालाच पकडून न्यायचे आणि वर्ष संपल्यावर त्याच शेजाऱ्याच्या दुकानातून मेणबत्त्या विकत घ्यायच्या. निवडून आल्यावर काम नाकारणाऱ्याला दंड होई. ज्यांच्या खिशाला परवडे ते दंड भरून मोकळे होत.

बदली माणूस

निवडलेल्या कॉन्स्टेबलच्या ऱ्हासाची गोष्ट मला या दंडापासून सुरू होते असे वाटते. कोणत्या राजाने किंवा कायदेमंडळाने हे पद हिसकावून घेण्याच्या कितीतरी आधी नागरिकांनी स्वतःच त्यातून अंग काढून घ्यायला सुरुवात केली होती. रात्रीच्या पहाऱ्याचे तेच झाले. प्रत्येक घराने पाळीने माणूस द्यायचा हा मूळ नियम. घरवाले आपल्याऐवजी मजुरीवर बदली माणूस पाठवू लागले. १७६० च्या दशकात पगारी पहारेकरी ठेवण्यात आले. दिवसा पोटापाण्याचे काम करून रात्री कंदील घेऊन उभ्या राहणाऱ्या या थकलेल्या लोकांना पुढे त्यांच्या चामडी टोपीवरून ‘चामडी डोकी’ असे कुचेष्टेचे नाव पडले.

कॉन्स्टेबलचे पद याच वाटेने गेले, पण जरा वेगळ्या रीतीने. खाऊनपिऊन सुखी असलेला दुकानदार त्यातून बाहेर पडला आणि ज्याला या कामावर पोट भरायचे होते तो आत आला. निवडणूक तीच राहिली, उभे राहणारे लोक बदलले. वर्षभराची पाळी संपवून घरी जाण्याऐवजी काही जण वर्षानुवर्षे निवडून येऊ लागले. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यावर टाकलेले ओझे आता एक धंदा झाला होता.

फी आणि बक्षीस

हा धंदा चालायचा कसा, हे पाहिले की पुढचे सगळे उलगडते. कॉन्स्टेबलला शहराकडून पगार नव्हता. समन्स बजावले की फी, वॉरंटवर पकडले की फी, कोर्टात हजर राहिले की फी. त्याशिवाय चोरीचा माल परत मिळवून दिला तर मालकाकडून बक्षीस. यात गुन्हा घडूच नये यासाठी कॉन्स्टेबलला एक पैसाही मिळत नव्हता. उलट चोरी होऊन माल हरवला, तरच त्याची कमाई. ज्याचा ऐवज मोठा त्याचे काम आधी होई. मोलकरणीची चोरलेली शाल शोधण्यात कोणाला रस असणार? बँकेतल्या चोरीत मात्र कॉन्स्टेबल कधी कधी चोर आणि मालक यांच्यामधला दलाल होई. थोडा माल चोराकडे, बाकीचा मालकाकडे, मधले बक्षीस याच्याकडे आणि चोर मोकळा.

कॉन्स्टेबलांच्या बरोबरीने मेयरने नेमलेले मार्शलही याच फीवर जगत. त्यांची संख्या वाढत वाढत कॉन्स्टेबलांहून अधिक झाली. म्हणजे निवडणूक रद्द न करताही निवडलेल्या माणसाचे महत्त्व कमी करता येते. त्याच्या शेजारी नेमलेली माणसे उभी केली की झाले. या काळातला न्यूयॉर्कचा सर्वांत नामांकित पोलीस जेकब हेज हाही निवडलेला नव्हता. मेयर एडवर्ड लिव्हिंगस्टन यांनी १८०२ मध्ये त्याला हाय कॉन्स्टेबल नेमले आणि १८५० मध्ये मरेपर्यंत ती पदवी त्याच्याकडे राहिली.

शेजार कोणाचा?

इथपर्यंतचे वाचून माझी सहानुभूती जुन्या पद्धतीकडे झुकत होती. लोकांनी आपला शिपाई आपण निवडावा, यात काय वाईट? मग मी डेव्हिड रगल्सच्या हकिगतीपाशी आलो आणि थबकलो.

न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी ४ जुलै १८२७ रोजी संपली. पण दक्षिणेतून पळून आलेल्यांना पकडून परत नेण्याची मुभा देणारा १७९३ चा संघराज्याचा कायदा लागू होताच. त्याच्या आडून मुक्त कृष्णवर्णीयांनाही ‘पळपुटे’ ठरवून दक्षिणेकडे विकले जाई. रगल्स या तरुण कृष्णवर्णीय कार्यकर्त्याने १८३५ मध्ये सोबत्यांसह न्यूयॉर्कमध्ये एक दक्षता समिती उभी केली आणि माणसे पळवणाऱ्यांची नावे उघडपणे छापायला सुरुवात केली. त्या नावांत एक होते टोबायस बूडिनो, शहराच्या तिसऱ्या वॉर्डाचा कॉन्स्टेबल.

मताधिकाराचा हिशेब इथे मांडावा लागतो. १८२१ च्या राज्यघटनेने कृष्णवर्णीय पुरुषाला मतदानासाठी २५० डॉलरच्या मालमत्तेची अट घातली. गोऱ्या पुरुषांवरची मालमत्तेची अट याच दशकात संपली. स्त्रियांना तर मत नव्हतेच. म्हणजे कॉन्स्टेबल शेजाऱ्यांना उत्तरदायी होता हे खरे, पण मत असलेल्या शेजाऱ्यांनाच. ज्याला मत नाही त्याला पकडून नेल्यास निवडणुकीत त्याचे काही बिघडत नसे. निवडणूक हे उत्तरदायित्वाचे साधन आहे, पण ते ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापुरतेच चालते.

१८४४

शहर तोवर हाताबाहेर गेले होते. १८०० मध्ये न्यूयॉर्कची लोकसंख्या ६०,५१५ होती. १८४० मध्ये ती ३,१२,७१० झाली. एका वॉर्डात सगळे एकमेकांना ओळखतात, या गृहीतावर उभे असलेले पद आता अनोळखी लोकांच्या शहरात वावरत होते. १८३४ च्या एप्रिलमध्ये मेयरची पहिली थेट निवडणूक झाली आणि तिच्यात दंगल उसळली. जुलैत गुलामगिरीविरोधकांवर हल्ले झाले. १८३७ मध्ये पिठाच्या भावावरून गोदामे फुटली. दंगल आवरायची तर लष्करी पथकेच बोलवावी लागत. १८४१ च्या जुलैत मेरी रॉजर्स या तरुणीचा मृतदेह हडसन नदीत सापडला. खुनी मिळाला नाही, वृत्तपत्रे संतापली. याच प्रकरणावरून एडगर ॲलन पो यांनी घटनास्थळ पॅरिसला हलवून आपली कथा रचली. फी आणि बक्षिसावर जगणारी यंत्रणा कुचकामी आहे, हे मत यानंतर आणखी पक्के झाले.

७ मे १८४४ रोजी राज्य कायदेमंडळाने नवा पोलीस कायदा केला. रात्रीचा पहारा मोडीत निघाला. ८०० पर्यंत माणसांचे, दिवसरात्र काम करणारे पगारी दल ठरले. शहराने तो कायदा प्रत्यक्षात आणला १८४५ मध्ये, मेयर हॅवमायर यांच्या काळात. समोर नमुना लंडनच्या १८२९ च्या पोलीस दलाचा होता, पण न्यूयॉर्कच्या लोकांनी आपल्या जुन्या सवयी त्यात शिरवल्या. पोलीस त्याच वॉर्डाचा रहिवासी हवा, त्याचे नाव वॉर्डाच्या लोकप्रतिनिधींनी सुचवायचे, मेयरने नेमायचे आणि मुदत फक्त एक वर्षाची. निवडणूक गेली, तिची सावली राहिली. गणवेशालाही या लोकांनी कडाडून विरोध केला. आम्ही नागरिक आहोत, कोणाचे वर्दीतले नोकर नाही, असे त्यांचे म्हणणे. गणवेश अंगावर चढायला १८५३ साल उजाडले. कोटावरून झालेल्या या भांडणात मला जुन्या कॉन्स्टेबलचा शेवटचा हुंकार ऐकू येतो.

सावली मात्र लवकरच पक्षाच्या पुढाऱ्यांनी व्यापली. वॉर्डाचा आल्डरमन ज्याचे नाव सुचवणार तो त्याच्याच गोटातला असणार, हे उघड होते. १८५७ मध्ये राज्य सरकारने शहराचे दल काढून आपले वेगळे मेट्रोपॉलिटन दल उभारले. मेयर फर्नांडो वुड आपले दल मोडेनात. १६ जूनला सिटी हॉलच्या पायऱ्यांवर दोन्ही पोलीस दलांची आपसातच मारामारी झाली आणि ती थांबवायला वाटेने जाणारी लष्करी पलटण बोलवावी लागली. न्यायालयाने कौल राज्याच्या बाजूने दिला. म्हणजे १६८६ मध्ये मेयर वरून येत होता आणि कॉन्स्टेबल वॉर्डातून. १८५७ मध्ये मेयर शहरातून येऊ लागला आणि पोलीस वरून.

निवडलेला कॉन्स्टेबल नाहीसा मात्र झाला नाही. न्यूयॉर्कमध्ये तो दिवाणी कोर्टाचे कागद बजावण्यापुरता उरला. टेक्सासमध्ये तो आजही निवडून येतो.

आपला कॉन्स्टेबल

मुंबईत ‘कॉन्स्टेबल’ हा शब्द इंग्रजांबरोबर आला, पण त्याच्या मागचे मतदार मागे राहिले. आपल्याकडचा कोतवालही नेमलेलाच असे. १८६४ मध्ये फ्रँक सूटर मुंबईचे पोलीस कमिशनर झाले तेव्हा दल पूर्णपणे सरकारचे होते. कॉर्पोरेशनने मात्र पोलिसांचा खर्च उचलायचा. हुकूम सरकारचा आणि बिल नगराचे, यावर दीर्घकाळ वाद चालला. १९०७ च्या कायद्याने तो खर्च सरकारने घेतला आणि बदल्यात प्राथमिक शिक्षणासारख्या जबाबदाऱ्या कॉर्पोरेशनकडे दिल्या. पोलिसांवर नगराचा अधिकार असावा की नाही, हा प्रश्न पैशाच्या हिशेबात मिटून गेला. न्यूयॉर्कने जे दीडशे वर्षे वापरून गमावले, ते आपण कधी वापरूनच पाहिले नाही.

मग कॉन्स्टेबल पुन्हा निवडून यावा का? बूडिनोचे नाव वाचल्यावर मला तसे म्हणवत नाही. पगारी, प्रशिक्षित, बक्षिसावर न जगणारा पोलीस ही मोठी सुधारणा होती आणि ती हवीच होती. पण त्या सुधारणेत दोन गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या. रात्री जागण्याचे ओझे आपण पैसे देऊन उतरवले, आणि जागणाऱ्याला जाब विचारण्याचा हक्कही त्याच गाठोड्यातून गेला. पहिल्या गोष्टीसाठी दुसरी देणे भाग होते का, हा प्रश्न त्या वेळी फारसा कोणी विचारला नाही.

गेल्या महिन्यात रात्री अकराला आमच्या गेटसमोर एका बांधकामाचा ट्रक रस्ता अडवून उभा होता. मी वॉचमनला म्हटले, ‘‘अहो, त्याला बाजूला घ्यायला सांगा ना.’’ तो अदबीने उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘साहेब, सुपरवायझरला विचारावं लागेल.’’ सुपरवायझर कोण, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते.