माईक कुणाच्या हातात?



31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. तोंड असून ज्याला बोलू दिलं जात नव्हतं, त्याचं ते पत्र. पुढं 3 ऑक्टोबर 1954 ला तेच बाबासाहेब आकाशवाणीवरनं बोलले. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनं घेतलेलं न्हाई, बुद्धाकडून घेतलंय, हे त्यांनी देशाला ऐकवलं. त्या भाषणाचा अभिमान बाळगाच. पण त्यानंतर आपल्या वस्तीतलं कोण त्या माईकपुढं उभं राहिलं, तेही विचारा.

कड्याचंच बघा. 1956 साली युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रानं रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्हे, दीडशे गावं. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचं, चर्चा करायची, प्रश्न केंद्राकडं पाठवायचे. त्यात नगर जिल्हा होता. कडा नगर-बीड रस्त्यावरच. पण आष्टी तालुका 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात. प्रयोग शेजारच्या जिल्ह्यात आला आन् शिवेवर थांबला. जिथं आला तिथंही प्रश्न गावाचे, कार्यक्रम मात्र पुण्यात बनायचा.

आपली माणसं रेडिओची वाट बघत बसली न्हाईत. 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले. सभेत काय झालं, कुठं पाण्याला मज्जाव झाला, हे ढोलकीवर लोकांपर्यंत गेलं. वामनदादांची गाणी मैदानातून, तोंडातोंडी पसरली. जलसा हेच आपलं केंद्र होतं. त्याला लायसन लागत नव्हतं.

9 फेब्रुवारी 1995 ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला : हवेतल्या लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत. तरी 2002 साली परवानगी फक्त शिक्षणसंस्थांना मिळाली. गावच्या संस्थांना दार उघडलं नोव्हेंबर 2006 मध्ये. 2008 साली सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी बायकांचं केंद्र सुरू झालं. त्याच वर्षी, 15 ऑक्टोबरला, तेलंगणातल्या झहीराबादजवळ माचनूरला 'संघम रेडिओ' सुरू झाला. हा मुलूख अन् आपलं बीड, दोन्ही एकेकाळी निजामाच्याच राज्यात. ते केंद्र चालवलं दलित बायकांनी : जनरल नरसम्मा आणि अलगोल नरसम्मा. बियाणं, पेरणी, बाळंतपण, जात्यावरची गाणी, सगळं त्यांच्याच बोलीत.

आता यातली कळीची गोष्ट ऐका. या बायका 2008 साली एकदम माईकपुढं आल्या न्हाईत. 1998 च्या सुमारास त्यांनी टेप करायला सुरुवात केली. प्रसारणाची परवानगी नव्हती, तर संघमच्या बैठकीत त्या टेप वाजवायच्या. दहा वर्षं असं चाललं. लायसन आलं तेव्हा आवाजाचा साठा तयार होता.

कड्यात उद्या केंद्र निघालं तरी दोन अडचणी आहेत. एक, धोरणानं दिलेली ताकद साधारण शंभर वॅटची. आवाज दहा-पंधरा किलोमीटर जाणार. आणि आपली माणसं? दसरा-दिवाळीला मुकादमाची उचल घेऊन कोयते निघतात ते पाडव्याच्या आगेमागे परततात. रेडिओ वस्तीत वाजणार, वस्ती उसाच्या फडात! दुसरी, या केंद्रांना स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं 2019 साली वर्तमानपत्रांतून गाजलं, तेव्हा शासनानं समिती नेमली. त्या बायका त्याआधी आपसांत बोलतच होत्या. ते बोलणं कोणी टेप केलं?

बातमीला मनाई असेल, गाण्याला न्हाई. बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेल्या जगण्याला न्हाई. जलशानं हेच केलं होतं. म्हणून केंद्राच्या मंजुरीसाठी अडून बसू नका. हातात मोबाईल हाय. टोळीबरोबर फडावर जा, कोपीत बसा. म्हातारीची ओवी, पोराचं भीमगीत, उचलीचा हिशोब, सगळं त्यांना विचारून, त्यांच्याच शब्दांत टेप करा. सांगणाऱ्याची परवानगी असेल तेवढंच बाहेर न्या. मग गावी आल्यावर बुद्धविहारात सगळ्यांना ऐकवा, चर्चा करा.

उद्या कोणी इतिहास लिहायला बसलं, तर त्याला आपल्या बायकांचा आवाज सापडला पाहिजे.

जय भीम!