इंजेक्शनची सुई दवाखान्यात पांढऱ्या डब्यात, मग घरची घंटागाडीत का?

पौडच्या एखाद्या दवाखान्यात इंजेक्शन घेतलं, की वापरलेली सुई पांढऱ्या डब्यात पडते. तशीच सुई मुळशीतल्या एखाद्या घरी इन्सुलिनसाठी वापरली, तर ती बऱ्याचदा घंटागाडीत जाते. टोचण्याचा धोका दोन्हीकडे सारखाच. मग फरक कशामुळे?

कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारने 28 मार्च 2016 रोजी जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम जाहीर केले. त्याआधी 1998 चे नियम होते. माणसांचं किंवा जनावरांचं निदान, उपचार, लसीकरण आणि त्यासंबंधीचं संशोधन यातून निघणारा कचरा म्हणजे जैववैद्यकीय कचरा.

गंमत म्हणजे, रुग्णाला खरंच संसर्ग होता का, हे व्याख्या विचारतच नाही. कचरा कुठून आला, एवढंच ती बघते. त्यामुळे ठणठणीत रक्तदात्याच्या हातावरचा रक्ताळलेला कापूसही त्यात येतो. रक्तदान शिबिरं, शाळेतली प्रथमोपचार खोली, गुरांचा दवाखाना, सगळ्यांना हे नियम लागू आहेत. शिबिर भरवणाऱ्या मंडळांना हे माहीत असतं का, शंकाच आहे.

कुठला कचरा कुठे?

रक्त लागलेला कापूस, बँडेज, मुदत संपलेली औषधं पिवळ्या पिशवीत. सलाईनच्या नळ्या, ग्लोव्हज, सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत. हे प्लास्टिक निर्जंतुक करून पुन्हा वापरात आणता येतं. सुया आणि ब्लेड न फुटणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात.

रक्ताळलेला कचरा प्रक्रिया न करता 48 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. तो सामायिक प्रक्रिया केंद्राकडे द्यायचा. असं केंद्र 75 किलोमीटरच्या आत सेवा देत असेल, तर रुग्णालयाला स्वतःची भट्टी उभारता येत नाही. खोल खड्ड्यात पुरण्याची मुभा आहे ती अशी सोय नसलेल्या ग्रामीण, दुर्गम भागालाच. पुणे, पिंपरी-चिंचवड जवळ असलेल्या मुळशीत 'आमचं खेडं आहे' ही सबब त्यामुळे चालायला नको. देखरेख महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची. 2024 पासून पर्यावरण संरक्षण कायद्यात तुरुंगवासाऐवजी 10 हजार ते 15 लाख रुपये दंड आहे.

मग घरचं काय?

नियमांची जबाबदारी संस्था चालवणाऱ्यावर आहे. घर ही संस्था नाही. 2016 च्याच घनकचरा नियमांनी घरातल्या सुया आणि जुनी औषधं 'घरगुती घातक कचरा' ठरवली, म्हणजे ती वेगळी द्यायची. पण वेगळी घ्यायला कुणी आलंच नाही, तर सुई ओल्या-सुक्यात मिसळते आणि हाताने कचरा निवडणाऱ्या ताईंच्या बोटात घुसते.

तोवर घरी एवढं करा: सुईला टोपण परत लावायला जाऊ नका, त्यात स्वतःलाच टोचतं. झाकणाच्या जाड प्लास्टिक डब्यात सुया साठवा, वर मोठ्या अक्षरात 'सुया' लिहा. डबा भरला की जवळच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात घेतात का, ते आधी विचारा.