रौप्यमहोत्सवी उड्डाण

टेहळणी विमानाचा धोका आपण समुद्रावर कल्पितो. आयएल-३८ च्या इतिहासात तो दाबोळीच्या धावपट्टीलगत सापडतो. १ ऑक्टोबर १९७७ रोजी गोव्यात नौदलाचे ३१५ क्रमांकाचे पथक उभे राहिले. पाणबुड्यांच्या मागावर तासन्‌तास एकट्याने घिरट्या घालणे, हे या विमानाचे काम. २००२ साली त्याच तारखेला, रौप्यमहोत्सवी संचलनात, शेजारी उडणारी दोन विमाने एकमेकांवर आदळली. एक रस्त्यावर कोसळले, दुसरे बांधकामावर. विमानांतील बाराही जण गेले. आणि सोहळ्याशी काडीचाही संबंध नसलेली, खालची माणसेही. गस्तीसाठी घडवलेल्या यंत्राला शोभेसाठी जोडीने उडवावे का, हा प्रश्न आम्हांस तांत्रिक चौकशीहून मोठा वाटतो. उरलेली विमाने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाली.